वारस नोंद, सेतू आणि एक टिंब : नऊ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मिसळीचा रिव्ह्यू लिहितो आपण, मोबाईल कव्हरचा लिहितो, परवा एकानं पंक्चर काढणाऱ्याला चार स्टार दिलेले बघितले. मग ज्या दुकानात मी गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त चकरा मारल्या त्याचा रिव्ह्यू का नको म्हणून लिहायला बसलोय. दुकान म्हणजे सरकार. त्यातली माझ्या वाट्याला आलेली तीन काउंटर, म्हणजे तलाठी ऑफिस, तहसील आणि सेतू, म्हणजे दाखले मिळतात ते केंद्र. जिल्हा सांगली, तालुका सांगत नाही, गावही सांगत नाही, कारण भांडण कुठल्या एका ऑफिसशी नाहीये आणि दुसरं म्हणजे अजून काकांची वारस नोंद व्हायचीय, मला परत त्याच दारात जायचंय.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर वाटेल ह्याला एवढं कुठनं माहिती. मी चार वर्षं पुण्यात एमपीएससी केली. सदाशिव पेठेत खोली, मेसचा डबा, लायब्ररीत सोळा तास, सगळं झालं. त्यात गव्हर्नन्स आणि अकाउंटेबिलिटी हा टॉपिक असा तोंडपाठ होता की झोपेत उठवून विचारलं असतं तरी विकसनशील देशांमधल्या प्रशासनातील उत्तरदायित्वाची आव्हानं यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं असतं, आणि ते उत्तर कुठंही न अडखळता शेवटी पारदर्शकता, लोकसहभाग आणि ई-गव्हर्नन्सवर येऊन थांबलं असतं. कोविडमध्ये गावी आलो तो आलोच. बसायचं होतं काउंटरच्या पलीकडं, नशिबात आलं अलीकडं उभं राहणं. त्यामुळं हा रिव्ह्यू म्हणजे थेअरीचा जुना विद्यार्थी आणि प्रॅक्टिकलचा नवीन गिऱ्हाईक असा दोन्हीकडनं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमचे आप्पा गेले. ऐन द्राक्षाच्या हंगामात, छाटणी होऊन बाग फुटायला लागलेली. तेराव्यानंतर आई म्हणाली पहिलं सातबाऱ्यावर नाव लावून घे, सोसायटीचं कर्ज आप्पांच्या नावावर आहे, मार्चला नवं-जुनं करायला लागतंय, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायला. मी म्हटलं त्यात काय, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांची नावं, अर्ज, झालं. कायदा पण साधा आहे. तलाठी नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस, हरकत नसली की सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतात. कागदावर महिनाभराचं काम. मी १९ डिसेंबरला, मंगळवारी, कागदं घेऊन गेलो. मंगळवारी यासाठी की आमच्या भाऊसाहेबांकडं, म्हणजे तलाठ्याकडं, तीन गावं आहेत आणि आमच्या चावडीत, म्हणजे तलाठी ऑफिसात, ते मंगळवार-शुक्रवारच येतात. म्हणजे यायचे असतात.

त्या दिवशी भाऊसाहेब नव्हते, मीटिंग होती. टेबलावर होता तो झिरो. आता हे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, झिरो म्हणजे झिरो तलाठी, सरकारच्या कुठल्याही रजिस्टरला ज्याचं नाव नाही, पगार नाही, पण कपाटाची किल्ली आणि पासवर्ड ज्याच्याकडं असतो तो माणूस. आमचा झिरो स्वभावानं चांगला आहे, आप्पांना ओळखायचा, दुःख झालं म्हणाला. मग म्हणाला,

"कागदं ठिवा हितं, भाऊसाहेब आलं की देतो."

म्हटलं पोच द्या.

"पोच? आवो घरचंच काम हाय, पोच कशाला लागत्या?"

आणि मी, चार वर्षं अकाउंटेबिलिटी शिकलेला माणूस, कागदं ठेवून घरी आलो. पोच न घेता. आता रागावताना मी भाऊसाहेबांवर रागावतो, झिरोवर रागावतो, पण पहिली चूक तिथं माझी आहे. माणूस ओळखीचा निघाला की आपल्याला तारीख-सही मागायची लाज वाटते, जणू त्याच्यावर अविश्वास दाखवला. सगळी गंमत त्या लाजेतच आहे.

फेब्रुवारीत गेलो तर तुमचा अर्जच नाही. कागदं? "कागदं कुठली?" कपाट बघितलं, पिशव्या बघितल्या, एका पिशवीत आमच्या शेजाऱ्याचा २०२१ चा अर्ज सापडला, माझा नाही. शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मी आशाच सोडली होती.

मग केलं ऑनलाईन. ई-हक्क म्हणून सुविधा आहे, घरबसल्या वारस नोंदीचा अर्ज करता येतो, कागदं स्कॅन करून चढवायची. इथं मात्र मी मनापासून चांगलं लिहिणार आहे. साईट हळू चालते, रात्री साडेअकराच्या आधी हात लावू नका, पण अर्ज गेला की नंबर येतो. नंबर आला की अर्ज हरवत नाही. पुण्यातल्या नोट्समध्ये ई-गव्हर्नन्सचे फायदे म्हणून वेग, पारदर्शकता, कागदविरहित कारभार असं आठ-दहा मुद्दे होते, प्रत्यक्षात फायदा एकच, की आता मला कुणी "अर्ज कुठला" म्हणू शकत नाही. तेवढ्याला चार स्टार.

नंबर आला आणि तिसऱ्या आठवड्यात शेरा आला, नाव जुळत नाही.

तर हे टिंबाचं प्रकरण. आप्पांचं नाव पांडुरंग. आधारला पांडुरंग, मृत्यूच्या दाखल्यावर पांडुरंग, सोसायटीत पांडुरंग. सातबाऱ्यावर पाडुरंग. सातबारे कॉम्प्युटरवर घेताना कुणीतरी टाईप करताना एक टिंब खाल्लं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आप्पांच्याही नाही, कारण आप्पांना सगळे ओळखत होते आणि ओळखीच्या जगात टिंब लागत नाही. मेल्यावर लागतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत आमची जमीन पाडुरंग नावाच्या कुणाची तरी होती आणि तो काही मेलेला नव्हता.

टिंब घालायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५. लेखनातली चूक दुरुस्त करायचं कलम. अर्ज तहसीलदारांकडं. पुरावा म्हणून जुना हस्तलिखित सातबारा काढला रेकॉर्ड रूममधनं, त्यावर त्या काळच्या तलाठ्यानं शाईच्या पेनानं ठसठशीत टिंब दिलेलं, अक्षर इतकं देखणं की मी फोटो काढून ठेवलाय. हे दाखवलं की काम झालं असं मला वाटलं. पण फाईल खाली गेली. हा खास शब्द आहे तिथला. फाईल खाली जाते म्हणजे तहसीलमधनं सर्कलकडं, सर्कलकडनं तलाठ्याकडं अहवालाला. मग ती वर येते. वर आली की कारकून म्हणतो अहवालात अमुक नाही, परत खाली. मी तहसीलला विचारलं की खाली आहे, चावडीत विचारलं की वर आहे. बहुतेक मधे कुठंतरी मोटरसायकलच्या डिकीत होती.

१६ मार्चला लोकसभेची निवडणूक लागली आणि नवीन उत्तर आलं, आचारसंहिता आहे. आमच्याकडं मतदान ७ मे ला, निकाल ४ जून. आता आचारसंहितेचा आणि माझ्या बापाच्या नावातल्या अनुस्वाराचा संबंध काय हे मला कुणीतरी समजावून सांगावं. टिंब दिल्यानं मतदार प्रभावित होणार होते का. नियम असा आहे की नवीन घोषणा, नवीन योजना नको, रोजची कामं चालूच राहतात. हे मी कारकुनाला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, तुम्ही म्हणताय ते बरोबर हाय, पण माणसं कुठायत, सगळी इलेक्शन ड्युटीला. आणि हे खरं होतं. अर्धं ऑफिस रिकामं.

इथं त्यांची बाजू पण लिहितो, एकतर्फी नको. आमच्या भाऊसाहेबांकडं तीन गावं, त्यात पीक पाहणीची कटकट, अवकाळी झाली की पंचनामे, टंचाईत टँकरचे अहवाल, मतदार यादी, वर रोज व्हिडिओ मीटिंग. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पाटी बदलली, गावं तेवढीच राहिली. तो झिरो भाऊसाहेबांनी हौसेनं ठेवलेला नाही, कामं एका माणसात बसत नाहीत म्हणून आलाय, आणि त्याला सरकार पगार देत नाही म्हणजे त्याचा पगार कोण देतं हे सांगायला नको. माझ्याकडं त्यानं तोंड उघडून काही मागितलं नाही, "भाऊसाहेबांचं बघा काहीतरी" एवढंच. मी बघितलं का नाही हे इथं लिहीत नाही, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा पण गुन्हेगार आहे, जबरदस्तीनं द्यायला लागली तर सात दिवसांत कळवायचं असतं. अँटी करप्शनचा नंबर १०६४, चावडीच्या भिंतीवर रंगवलेला आहे, त्याच्या बरोबर खाली झिरोची खुर्ची.

बरं ह्या सगळ्यात माझं गेलं काय ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतात टिंबासाठी एवढं काय. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं की व्याज शून्य. नाव लागलं नाही म्हणून आम्हाला मार्चला नवं कर्ज मिळालं नाही, उन्हाळ्यात खरडछाटणीला पैसा लागतो, दीड लाख बाहेरनं उचलले शेकडा ३ रुपयानं. म्हणजे महिना साडेचार हजार. सहा महिने. २७ हजार रुपये. एका अनुस्वाराचे. ज्यानं टाईप करताना टिंब सोडलं त्याच्या पगारातनं एक रुपया गेला नाही, ज्याच्याकडं फाईल चार महिने पडली त्याचा पण नाही.

नोट्समध्ये एक मुद्दा असायचा, जागतिक बँकेच्या २००४ च्या अहवालातला, उत्तरदायित्वाचा लांबचा रस्ता आणि जवळचा रस्ता. तेंव्हा नुसता पाठ केला, समजला आता. मिसळ बेकार निघाली तर मी उद्यापासनं पलीकडच्या हॉटेलात जातो, हा जवळचा रस्ता, मालकाला लगेच कळतं. तलाठी मात्र गावाला एकच. पलीकडं दुसरा तलाठी नाही. मग माझा राग जाणार लांबनं, म्हणजे मी पाच वर्षांनी मत देणार, आमदार मंत्र्याला बोलणार, मंत्री सचिवाला, सचिव कलेक्टरला, तिथनं प्रांत, तहसीलदार, सर्कल आणि मग चावडीत झिरो. तोपर्यंत द्राक्षाचा बेदाणा होतो. आणि लांबच्या रस्त्यातलं आमच्या जवळचं एक स्टेशन पण बंद होतं. जिल्हा परिषद, पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ ला संपली, डिसेंबर २०२४ मध्ये हे लिहिलं तोपर्यंत निवडणूक नव्हती, प्रशासक बसले होते. महसूल खातं झेडपीच्या हाताखाली येत नाही हे मला माहितीये, पण झेडपी मेंबर हा असा माणूस असतो की ज्याला एसटी स्टँडवर गाठून शिव्या देता येतात आणि तो मग कुणाला तरी फोन लावतो. १९६२ च्या महाराष्ट्र दिनाला ह्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेंव्हा मुख्यमंत्री यशवंतराव, आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे. त्यांच्या जिल्ह्यात पावणेतीन वर्षं गावाला झेडपी मेंबर नव्हता. असो.

जूनमध्ये मी माहिती अधिकार टाकला. १० रुपयाचं कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा पाहिजे, तेवढ्यातच बसवला. काय मागायचं हे महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो. "माझं काम का झालं नाही" असं विचारायचं नाही, "का"ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. विचारायचं की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोजच्या रोज काय कार्यवाही झाली, तो कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाकडं होता, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम, आणि नियमाप्रमाणं किती दिवसांत काम व्हायला पाहिजे होतं त्या परिपत्रकाची प्रत. आणि आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या रजिस्टरात, नोंद करून माझ्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही. या वेळी घेतली. कारकून म्हणाला ठेवून जावा, म्हटलं थांबतो. पाऊण तास थांबलो.

मुदत ३० दिवसांची असते. २२ व्या दिवशी फोन आला. भाऊसाहेब स्वतः. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"आवो पाव्हणं, अर्ज कशाला टाकायचा, सांगायचं की, या उद्या, करून टाकू."

दुसऱ्या दिवशी गेलो तर अहवाल तयार, माझ्यासमोर टाईप केला, वीस मिनिटं लागली. मी खुर्चीवर बसून घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं. जुलै संपायच्या आत तहसीलदारांचा आदेश झाला, टिंब बसलं, मग वारस नोंदीची नोटीस, १५ दिवस, सर्कलची मंजुरी, गणपती विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात सातबारा हातात. १५ रुपयात डिजिटल सहीचा ऑनलाईन काढला. आईनं चष्मा लावून आधी टिंब बघितलं, मग स्वतःचं नाव.

माहिती अधिकाराचं उत्तर नंतर पोस्टानं आलं, दोन ओळी, आपले काम पूर्ण झालेले असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी मागितलेली नावं आणि तारखा नाहीत. अपील करायला पाहिजे होतं. केलं नाही. काम झालं होतं, बागेत छाटणी चालू होती, कुणाला वेळ आहे. इथंच आपण सगळे सुटतो आणि ते पण सुटतात. कायद्यात दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे, पण तो लागायला माझ्यासारख्यानं काम झाल्यावरही दुसऱ्या अपिलापर्यंत भांडत राहायला पाहिजे. कायदा आला १२ ऑक्टोबर २००५ ला, त्यासाठी राजस्थानात ब्यावरला मजूर शेतकरी माणसं १९९६ मध्ये ४० दिवस धरण्याला बसली होती, रोजगाराच्या कामाची बिलं-मस्टर बघायला मिळावीत म्हणून. मी पाऊण तास बसलो तर मला फार केल्यासारखं वाटलं.

आता सेतू. हे बहिणीचं. तिच्या पोराला दहावीनंतर डिप्लोमाला ॲडमिशन, फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. जुलै २०२४, म्हणजे वेळ कशी बघा, २८ जूनला लाडकी बहीणचा जीआर निघाला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या बायका सेतूच्या दारात, कुणाला उत्पन्न, कुणाला अधिवास. रांग रस्त्यापर्यंत, पोरं कडेवर, एक आज्जी तर रांगेत पिशवी ठेवून झाडाखाली झोपलेली. पावती तेंव्हा ३३ रुपये ६० पैशांची आणि बाहेर एजंटाचा रेट वेगळाच चालू होता. पण बघा, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात अटी ढिल्या झाल्या, पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी जुनं रेशनकार्ड, मतदान कार्ड चालेल. चार-पाच दिवसांत! जो दाखला इतकी वर्षं अत्यावश्यक होता तो चार दिवसांत अनावश्यक झाला. मनात आलं तर सरकार किती चपळ होऊ शकतं हे मी डोळ्यानं बघितलंय. विधानसभा नोव्हेंबरात होती.

बहिणीचा अर्ज मात्र ॲडमिशनचा, त्याला ही सूट नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत १५ दिवस. हे असंच कुणीतरी ठरवलेलं नाही, महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे २०१५ चा, त्यात कुठली सेवा किती दिवसांत, कोण देणार म्हणजे पदनिर्देशित अधिकारी कोण, नाही दिली तर पहिलं अपील कुणाकडं, दुसरं कुणाकडं, तिसरं आयोगाकडं, सगळं लिहिलेलं असतं. कसूर झाली तर ५०० ते ५००० रुपये दंड, अधिकाऱ्याच्या खिशातनं. असा कायदा आधी मध्य प्रदेशनं २०१० ला केला, तिथं दंडातनं अर्जदाराला भरपाई द्यायची पण सोय ठेवली. ते मला आवडलं. माझे २७ हजार गेले त्यातले निदान पाचशे परत आले असते तर बरं वाटलं असतं, नाही का.

तर १४ व्या दिवशी संध्याकाळी बहिणीला मेसेज, अर्जात त्रुटी. तलाठी अहवाल अस्पष्ट. स्कॅन अस्पष्ट आहे हे कळायला १४ दिवस लागले, आणि नवीन चढवलं की मीटर परत शून्यावर. ही युक्ती ज्यानं शोधली त्याला मानलं पाहिजे. मुदत पाळली पण आणि काम केलं पण नाही. चावडीत पोच न देणं आणि इथं चौदाव्या दिवशी त्रुटी काढणं ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत, एकात घड्याळ सुरूच होऊ द्यायचं नाही, दुसऱ्यात बंद पडायच्या आत परत किल्ली द्यायची. एमपीएससीच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं.

बहीण माझ्यापेक्षा खमकी. तिनं अपील केलं. लॉगिनमध्ये पहिल्या अपिलाची सोय आहे, मला वाटतं निम्म्या जिल्ह्याला ते माहितीच नसेल. लिहिलं की स्कॅन स्पष्ट आहे, हा घ्या, आणि त्रुटी एवढ्या उशिरा का कळवली. तिसऱ्या दिवशी दाखला आला. अपील "सेवा दिली" म्हणून बंद, दंड-बिंड काही नाही, सुनावणी पण नाही. ॲडमिशन दुसऱ्या फेरीत मिळाली, पहिल्या फेरीचं कॉलेज गेलं. पोरगं आता रोज एसटीनं ४० किलोमीटर जातंय.

अपिलाच्या सोयीला पाच स्टार द्यावे की दोन हे मला ठरवता येईना. दाबलं की काम होतं. पण दाबल्यामुळं काम झालं ते फक्त दाबणाऱ्याचं. रांगेतली ती झोपलेली आज्जी काही अपील करणार नाही.

चावडीवर बसलेली म्हातारी माणसं म्हणतात ह्यांना पत्री सरकारच पाहिजे. १९४३ ते ४६ ला ह्याच मुलखात, तेंव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, गावोगाव न्यायदान मंडळं, तंटे गावासमोर मिटायचे. पत्र्या मारायची गोष्ट सांगताना अजून म्हाताऱ्यांच्या डोळ्यात चमक येते. मी त्या मताचा नाही. झिरोच्या तळपायाला पत्री मारून काय होणार, तो तर कागदावर नाहीच. मला त्यातलं फक्त "गावासमोर" एवढंच पाहिजे.

कारण ह्याचे प्रयोग झालेत. युगांडात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळांना जाणाऱ्या सरकारी अनुदानाचा माग काढला, १९९१ ते ९५ मध्ये शंभरातले सरासरी १३ रुपये, म्हणजे त्यांचे शिलिंग, शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारनं कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते पेपरात छापायला सुरुवात केली, शाळेच्या भिंतीवर लावायला लावलं, आणि गळती खूप कमी झाली. पुढं बऱ्याच जणांनी म्हटलं की सगळं श्रेय पेपराला देऊ नका, त्याच काळात पैसे पाठवायची पद्धत आणि वरनं देखरेख पण बदलली होती, ते बरोबरच असणार. इंडोनेशियातला प्रयोग उलटा आहे, सहाशेच्या वर गावांत रस्त्यांची कामं, काही गावांना आधीच सांगितलं की तुमचा ऑडिट नक्की होणार, एरवी ती शक्यता शंभरात चार होती. तिथं हिशेबात न बसणारा खर्च ८ टक्के पॉइंटनी घटला. नुसत्या लोकांना मीटिंगला बोलावलं तिथं फार फरक पडला नाही. आमच्या ग्रामसभेला कोरमसाठी माणसं हाक मारून आणायला लागतात, त्यामुळं मला ह्याचं आश्चर्य वाटलं नाही. आणि सरकारी ऑफिसला गिऱ्हाइकानं मार्क द्यायची कल्पना पण माझी नाही, बंगळुरात सॅम्युअल पॉल यांनी १९९४ ला नागरिकांचं प्रगतिपुस्तक काढलं होतं, महापालिका, वीज, पाणी सगळ्यांचं. मी फक्त स्टार द्यायला लागलोय.

तर स्टार. चावडी एक, तो पण झिरोच्या चहासाठी, तो खरंच चांगला पाजतो. तहसील दीड. रेकॉर्ड रूम साडेतीन, तिथल्या बाईंनी जुना सातबारा एका दिवसात शोधून दिला आणि कपाटाला ओल लागलीय म्हणून त्या स्वतःच चिडल्या होत्या. ई-हक्क चार. सेतू अडीच. माहिती अधिकार साडेचार, अर्धा कापला कारण उत्तर दिलं नाही. टिप्स एवढ्याच, मंगळवारी अकराच्या आत जा, दोन झेरॉक्स न्या, पोच मिळाल्याशिवाय उठू नका, झेरॉक्सवाला शेजारीच आहे.

एक राहिलं. लोकसेवा हक्क कायद्यात असं आहे की प्रत्येक ऑफिसात फलक पाहिजे, कुठली सेवा, किती दिवस, कोण अधिकारी, अपील कुणाकडं. मी जुलैमध्ये वीस मिनिटं खुर्चीवर बसलो होतो तेंव्हा तो फलक मला दिसला, आमच्याच चावडीत, कपाटाच्या मागं, फक्त उजवी कड बाहेर. झिरो म्हणाला कपाट ठेवायला दुसरी जागा नव्हती. परवा काकांच्या नोंदीसाठी गेलो तेंव्हा दोघांनी मिळून कपाट सरकवलं, मी फोटो काढला, कपाट परत लावलं. फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपला दोनशेच्या वर माणसं, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तो फोटो वर-वर गेला. रात्री एकानं विचारलं, उत्पन्नाचा दाखला किती दिवसात म्हणलाय, अक्षर बारीक हाय. मी टाईप केलं, १५.

थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला. "मी मे मध्ये टाकलाय."

म्हटलं पोच आहे का.